वकिलाची सनद आणि वकिलाचे शिक्षण

अक्कलकोटचे नाव आज महाराष्ट्रात घरोघर पोहोचले आहे ते श्रीस्वामी समर्थांच्या वास्तव्यामुळे. तथापि या गावाच्या संस्थानाचा उगमही स्मरणात ठेवण्यासारखा आहे. १७०७ मध्ये मोगलांच्या छावणीतून सुटून शाहू महाराज दक्षिणेत परतत असता पारद गावी त्यांची चकमक झाली. गावचा पाटील सयाजी लोखंडे तीत पडला. त्याच्या पत्नीने आपले मूल महाराजांच्या पायांवर घातले. ही पहिली फत्ते, म्हणून त्या मुलास फत्तेसिंह हे नाव मिळाले, आणि पुढे याच फत्तेसिंह भोसल्यांच्या घराण्याकडे अक्कलकोटची जहागीर आली.

त्या काळच्या दप्तरात ‘वकील’ हा शब्द पावलोपावली आढळतो. परंतु तो कोर्टातला वकील नव्हे. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला विश्वासू प्रतिनिधी, एवढाच त्याचा अर्थ. दिल्लीस पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. धन्याचा मजकूर न फिरविता पोचवावा, धन्याचे गुपित फोडू नये, आणि दोन्ही दरबारांचे मीठ एकाच वेळी खाऊ नये, ही त्या वकिलीची अट असे. कोर्टातल्या वकिलास पुढे जे नीतिनियम लागू झाले त्यांतील अर्धे तरी या जुन्या अर्थातच बीजरूपाने सापडतात.

मराठेशाहीत कज्जांचा निवाडा मुख्यत्वे पंचायतींकडून होई. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात या पंचायतींचे गुणदोष सविस्तर नमूद आहेत. धंदेवाईक वकिलांचा वर्ग तेथे नव्हता. वादी-प्रतिवादी आपली तक्रार स्वतःच सांगत, किंवा घरातील जाणता माणूस बोले. आपल्या धर्मशास्त्रकारांना मात्र हा प्रश्न अपरिचित नव्हता. जो बाप, भाऊ वा पुत्र नाही, व ज्याची रीतसर नेमणूकही नाही, त्याने दुसऱ्याच्या वतीने बोलू नये, बोलल्यास तो दंडास पात्र, असे नारदस्मृती सांगते. शुक्रनीतीत तर अशा नियुक्त माणसाचे वेतन दाव्याच्या रकमेच्या कितव्या हिश्श्याने असावे, हेही ठरवून दिले आहे; अधिक घेणाऱ्यास शिक्षा आहे. या ग्रंथाच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत, ते येथे बाजूस ठेवू. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत होते, ही गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

इंग्रजी अमलात वकिली हा धंदा म्हणून उभा राहिला तो टप्प्याटप्प्याने. बंगाल्यात कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये सनदी वकिलांची पद्धत सुरू केली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने वकिलास सनद, आणि सनदेबरोबर सरकारी जरब, दोन्ही दिली. वकिलाचे मेहनतान्याचे दर सरकारच ठरवी. १८४६ च्या कायद्याने यात मोठा पालट झाला. धर्म वा वंश न पाहता धंदा सर्वांस खुला झाला, आणि वकील व अशील यांनी मेहनताना आपसांत ठरवावा अशी मोकळीक मिळाली. मोकळीक आली की नीतीचा प्रश्न येतोच. दर सरकार ठरवीत होते तोवर लोभास सरकारचेच कुंपण होते. १८४६ नंतर ते कुंपण वकिलाच्या मनात घालावे लागले.

ते घालावयाचे कोणी? परीक्षेत कलमे विचारली जात, शील विचारले जात नसे. शील शिकावयाचे ते ज्येष्ठ वकिलाच्या घरी, त्याच्या कारकुनाशेजारी बसून. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात असे गुरुकुल शोधू गेल्यास पहिले नाव येते ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका यांचे. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम करण्यात आला. लोकांच्या नावाने बोलावयाचे तर लोकांचे वकीलपत्र दाखवा, हा खास वकिली बाणा होय. परंतु काकांची खरी कसोटी १८७९ मध्ये लागली. वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यास राजद्रोहाचा खटला उभा राहिला. आरोपीच्या जवळ जाणेही त्या दिवसांत धोक्याचे होते, आणि काकांवर तर सरकारची नजर आधीपासूनच होती. तरीही काकांनी वकीलपत्र घेतले. महादेव चिमणाजी आपटे, जे पुढे आनंदाश्रमाचे संस्थापक म्हणून ख्यात झाले, तेही आरोपीच्या बाजूने उभे राहिले. जन्मठेप टळली नाही. फडके १८८३ मध्ये एडन येथे वारले. पण आरोपी कितीही नावडता असो, त्यास वकील मिळालाच पाहिजे, हा धडा त्या दोघांनी दिला, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात तेव्हा छापलेला नव्हता.

याच परंपरेत पुढे डॉ. आंबेडकर येतात. १९२३ मध्ये वकिली सुरू केल्यावर त्यांनी १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील खटल्यात जवळकर, जेधे प्रभृतींचा बचाव केला, आणि १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्या’वर खटला झाला तेव्हाही ते उभे राहिले. ती केस हरली. पण ती घेणाराच दुसरा कोण होता?

लोकमान्य टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला होता, हे पुष्कळांस ठाऊक असते. साताऱ्याची वकिली सोडून न. चिं. केळकर १८९६ मध्ये टिळकांकडे आले ते या वर्गाच्याही मदतीसाठी. वर्गाचा हेतू परीक्षेची तयारी व टिळकांचा चरितार्थ एवढाच. परंतु ज्या विद्यार्थ्यांनी तेथे पाठ घेतले त्यांना करारकायदा व मनुष्य एकत्र पाहावयास मिळाला. १९२४ मध्ये पुण्यास इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय निघाले आणि जगन्नाथ रघुनाथ घारपुरे त्याचे पहिले प्राचार्य झाले, तेव्हा हे खाजगी वर्ग मागे पडू लागले.

शिस्तीचा अधिकार या सर्व काळात न्यायालयाच्या हाती होता. १९२० च्या मुंबई प्लीडर्स कायद्याने तो नीट बांधला गेला. १९२६ च्या कायद्याने बार कौन्सिले निघाली, पण अखेरचा शब्द उच्च न्यायालयाचाच राहिला. या व्यवस्थेची एक बाजू विसरता कामा नये. १९१९ मध्ये अहमदाबादच्या ज्या वकिलांनी सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही केली होती त्यांच्या सनदेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि त्यांस ताकीद मिळाली. १९२२ मध्ये लंडनच्या इनर टेंपलने गांधीजींचे नाव आपल्या यादीतून काढले. ते परत घातले गेले १९८८ मध्ये. नीतीच्या नावाखाली राज्यकर्ते गैरसोयीचा वकील दूर करू शकतात, हे ज्या पिढीने पाहिले तिने पुढे शिस्त स्वतःच्या हाती मागितली यात नवल नाही.

अक्कलकोट या घडामोडींपासून थोडे अलग होते. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर हे संस्थान थेट इंग्रजांचे मांडलिक बनले. ४९८ चौरस मैलांचा मुलूख, १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे ८२,०४७ वस्ती. आणि न्यायदान संस्थानच्या कचेरीत. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि मांडलिकीची शंभर वर्षे संपली. दरबारची कचेरी गेली, प्रांताचे कोर्ट आले. ज्यांनी आयुष्यभर संस्थानी रिवाजाने काम चालविले होते त्यांस मुंबईचे कायदे, मुंबईची कार्यपद्धती व मुंबईची शिस्त नव्याने शिकावी लागणे अपरिहार्य होते. चालत्या वकिलास पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते, याचे याहून ठळक उदाहरण या भागात दुसरे नाही. पण तो प्रसंग शतकातून एकदा येणारा होता. नीतीच्या बाबतीत असे विलीनीकरण रोज घडत असते, आणि त्याची नोटीस कोणी बजावीत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात मुंबईत एक प्रकरण घडले. एका ज्येष्ठ वकिलाने अशिलाशी करार केला की, दाव्यातून जी रक्कम वसूल होईल तिचा अर्धा हिस्सा आपला. सामान्य दोन माणसांत असा करार झाला असता तर तो बेकायदा ठरला नसता, हे न्यायालयानेही मान्य केले. परंतु वकील हा कोर्टाचा अधिकारी. दाव्याच्या फळात ज्याचा वाटा आहे त्याची बुद्धी निर्लेप कशी राहणार? मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिने त्याची सनद तहकूब केली, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे वर्तन धंद्यास अशोभनीय ठरविले. अहवालात त्या वकिलाचे नाव नाही, केवळ ‘जी’ हे अक्षर आहे. दोषीचे नाव झाकून दोष मात्र सर्वांस दाखवावा, ही पद्धत शिक्षणाच्या दृष्टीने फारच चांगली होती. ती पुढे सुटली.

१९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने शिस्तीचा अधिकार वकिलांच्याच निवडलेल्या मंडळांकडे आला. नियमावली झाली, आणि ती वाचनीय आहे. आपल्या कोर्टात येणारे काम योग्य मेहनताना मिळत असता नाकारू नये. फलावर अवलंबून मेहनताना ठरवू नये. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा. गरिबास साहाय्य करावे. उमेदवारास शिकविण्याबद्दल पैसे घेऊ नयेत, असेही एक कलम तीत आहे. गंमत अशी की, सनदेपूर्वीची उमेदवारीची सक्ती १९७३ च्या दुरुस्तीने उठली; कलम तसेच राहिले. भारतीय बार कौन्सिलने १९९५ मध्ये ती सक्ती नियमांद्वारे पुन्हा आणू पाहिली, तेव्हा संसदेने काढलेली गोष्ट कौन्सिलास परत आणता येत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द केले. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक. परंतु ज्येष्ठाच्या घरची ती जुनी शाळा त्यामुळे कायमची ऐच्छिक झाली. २०११ पासून अखिल भारतीय परीक्षा आली आहे व तीत व्यावसायिक नीतीवर प्रश्न असतात. परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली की पुढील चाळीस वर्षे त्या विषयाचे पुस्तक उघडण्याची सक्ती कोणावर नाही.

सक्ती नसल्याचा परिणाम काय होतो, ते मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात दिसले होते. तेथे काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर धावून जात, एकमेकांच्या हातांतून कामे ओढीत, दर पाडीत. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांस दोषी धरले. भारतीय बार कौन्सिलने सोडले. तेव्हा महाराष्ट्राचे कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. असे अपील करण्याचा त्यास अधिकार आहे, असे १९७५ मध्ये ठरले, आणि त्यानंतर न्या. कृष्ण अय्यर यांनी या ओढाओढीस गैरवर्तन ठरविणारा निर्णय लिहिला. धंद्यातील मंडळाने धंद्याच्या अब्रूसाठी धंद्यातील माणसांविरुद्ध झगडावे, हा प्रसंग महाराष्ट्रास भूषणावह आहे.

योगायोग असा की, त्याच १९७५ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने सनदी वकिलांस ठराविक तासांचे शिक्षण सक्तीचे केले. वॉटरगेट प्रकरणात इतके वकील गुंतलेले निघाले की, त्या देशास लाज वाटली. पुढे बहुतेक राज्यांनी ते अनुकरण केले व त्या तासांत नीतीचा वाटा राखून ठेवला. इंग्लंडातील सॉलिसिटरांसही वर्षाला सोळा तासांची अट होती. २०१६ मध्ये ती उठविण्यात आली, कारण तास भरले जात, शिक्षण होतेच असे नाही. हजेरीपुस्तकावर सही करून चहापानास जाणारा श्रोता सर्व देशांत सारखाच असतो. म्हणून सक्ती हाच उपाय मानणाऱ्यांनी इंग्लंडचा अनुभव, आणि सक्ती नकोच म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या कोर्टाचे दार, दोन्ही पाहावीत.

चालत्या वकिलास शिकण्यास वेळ नाही, हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. १ जुलै २०२४ रोजी दंडविधान, फौजदारी प्रक्रिया व पुरावा हे तिन्ही कायदे बदलले, आणि तालुक्या-तालुक्यांतील वकिलांस ते नव्याने अभ्यासावे लागले. १८७२ च्या पुरावा कायद्यातील १२६ व्या कलमाने अशिलाचे गुपित राखले जाई. आता ते १३२ व्या कलमात शोधावे लागते. कलमाचा आकडा शिकण्यास जेवढा वेळ लागला, तेवढाच त्यामागील कर्तव्य शिकण्यास लागतो.

अक्कलकोटसारख्या ठिकाणी या कर्तव्याचे स्वरूप अगदी साधे आहे. हा तालुका मराठी व कानडी यांच्या सीमेवरचा. १९६७ च्या महाजन आयोगाने तो कर्नाटकास द्यावा असे सुचविले होते, इतकी भाषेची सरमिसळ येथे आहे. घरी कानडी बोलणारी वृद्धा वाटपाच्या दाव्यात येते. अर्ज मराठीत, वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत. वकीलपत्रावर अंगठा, तडजोडीच्या पुरशिशीवर अंगठा. तिने आपल्या वाट्याची जमीन सोडली आहे की राखली आहे, हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय पुरशिस दाखल करू नये, एवढी एक गोष्ट पाळली गेली तरी पुष्कळ जमिनी वाचतील. तक्रार करावयाची तर ती मुंबईस, चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. ती वृद्धा तेथवर जात नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सोलापूरसह सहा जिल्ह्यांची कामे तेथे जातात, आणि अक्कलकोटचे कागदही आता मुंबईऐवजी तिकडे निघतात. महिन्यातून एका शनिवारी बार रूममध्ये जुन्या शिस्त-प्रकरणांतील एखादे, नाव झाकून, ज्येष्ठ व कनिष्ठ यांनी एकत्र वाचावयाचे ठरविले, तर त्यास इमारत लागत नाही की वर्गणी लागत नाही. ‘जी’ चे प्रकरण पहिल्या बैठकीस पुरेसे आहे.