पान हलवण्याचा अधिकार कोणाचा? स्क्रोलच्या हालचालीचा इतिहास

#धागा

१/ मोबाइलच्या पडद्यावर बोट वर सरकवावे आणि मजकूर अलगद वर सरकावा, ही क्रिया आज श्वासाइतकी सहज झाली आहे. तिच्यामागे सुमारे ४५ वर्षांचे अभियांत्रिकी श्रम आहेत, आणि एक जुना वादही आहे. पान हलवण्याचा अधिकार कोणाचा? वाचकाचा, की पान बनवणाऱ्याचा? आजचा धागा या वादाच्या इतिहासाचा.

२/ 'स्क्रोल' म्हणजे मूळची गुंडाळी. प्राचीन इजिप्त, ग्रीस आणि रोममध्ये पपायरसच्या गुंडाळीवर ग्रंथ लिहिले जात. वाचक एका हाताने गुंडाळी उलगडत जाई आणि दुसऱ्या हाताने वाचलेला भाग गुंडाळत जाई. मागचा संदर्भ पाहायचा तर सारा खटाटोप उलट करावा लागे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत पाने शिवलेल्या पुस्तकाने गुंडाळीला मागे सारले. गैरसोय पुष्कळ होती. पण उलगडण्याचा वेग वाचकाच्या हातात होता.

३/ संगणकाच्या पडद्यावर गुंडाळी परतली, तेव्हा तिने प्रथम हेच स्वातंत्र्य गमावले. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 'व्हीटी-१००' हे टर्मिनल बाजारात आणले. पडद्यावर २४ ओळी मावत. खाली नवी ओळ आली की वरच्या साऱ्या ओळी एका झटक्यात एकेक घर वर उडी मारत. मजकूर वेगाने येऊ लागला की डोळ्याला आपली ओळ सापडत नसे.

४/ म्हणून या यंत्रात दोन पर्याय दिले होते : 'जंप' आणि 'स्मूथ'. दुसरा निवडला की ओळ उडी न मारता सावकाश वर सरके, सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे सहा ओळी. मुख्य संगणक याहून घाईने मजकूर धाडू लागला तर टर्मिनल त्याला 'थांब' असा संकेत पाठवी आणि जागा झाली की 'आता पाठव' असे कळवी. माणसाच्या डोळ्यासाठी यंत्राला थांबवण्याची ही सोय होती. अलगद सरकणे येथे शोभेसाठी आले नव्हते; नजरेचा माग सुटू नये म्हणून आले होते.

५/ दुसरा टप्पा खेळांच्या जगातला. १९९० पर्यंत घरगुती पीसीवर 'मारिओ'सारखे अखंड सरकणारे दृश्य दाखवणे अवघड मानले जाई. निन्टेंडोच्या यंत्रात त्यासाठी खास रचना होती. पीसीला मात्र प्रत्येक वेळी सारा पडदा नव्याने रंगवावा लागे, आणि तेवढी ताकद त्याच्यात नव्हती. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात सॉफ्टडिस्क या कंपनीत काम करणाऱ्या तरुण जॉन कारमॅकने यावर तोड काढली.

६/ त्याचे निरीक्षण साधे होते. खेळातील आकाश, जमीन, विटा हे सारे छोट्या चौकोनी तुकड्यांचे बनलेले असते. दृश्य एक घर सरकले तरी बहुतेक ठिकाणी पूर्वीसारखाच तुकडा येतो. मग जे बदलले तेवढेच रंगवावे! सहकारी टॉम हॉल याच्यासोबत त्याने 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा पहिला टप्पा पीसीवर उभा करून दाखवला. त्याच वर्षी डिसेंबरात याच तंत्रावर 'कमांडर कीन' हा खेळ आला. 'अनावश्यक काम करू नका' हे या तंत्राचे सार पुढे वेबलाही शिकावे लागले, पण ठेच लागल्यावर.

७/ वेबपानांवर सुरुवातीला उडीच होती. लांब पानाच्या माथ्यावरील अनुक्रमणिकेत एखाद्या प्रकरणावर क्लिक केले की वाचक क्षणात तेथे फेकला जाई. आपण वर होतो की खाली, किती मजकूर ओलांडला, काहीच कळत नसे. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक याने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा रचला. पुढे या भाषेतून पान हव्या त्या जागी नेता येऊ लागले. अलगद न्यायचे तर ते अंतर बारीक बारीक टप्प्यांत कापणे, हाच उपाय होता.

८/ पण सारे टप्पे सारखे ठेवले की हालचाल यांत्रिक वाटते. एसटी थांब्यावरून सुटताना हळूहळू वेग घेते आणि पुढच्या थांब्याजवळ तो उतरवते. जगातल्या बहुतेक हालचाली अशाच असतात. डिस्नेच्या चित्रकारांना हे ठाऊक होते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ग्रंथात सचेतपटाची जी १२ तत्त्वे मांडली, त्यांत हेही एक. या शतकाच्या आरंभी रॉबर्ट पेनर याने अशा चालींची गणिती सूत्रे फ्लॅशसाठी लिहिली. २००६ साली जॉन रेसिग याने जेक्वेरी हा संच प्रसिद्ध केला आणि वेग घेत, वेग उतरवत सरकणारे पान दोन-चार ओळींत कोणालाही बनवता येऊ लागले.

९/ सरकवण्याची दुसरी बाजू म्हणजे पाळत. वाचकाने पान हलवले की ब्राउझर पानाला तशी वर्दी देतो. तिचा उपयोग करून वाचक कोणत्या प्रकरणात आहे हे अनुक्रमणिकेत उजळवता येते. तो तळाशी पोहोचण्याआधी पुढचा मजकूर आणून ठेवता येतो. २००६ च्या सुमारास एझा रास्किन याने असे न संपणारे पान रचले. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, कारण थांबण्याची जागा नाहीशी झाली की माणूस थांबत नाही.

१०/ जानेवारी २०११ मध्ये या पाळतीचे मोल ट्विटरला कळले. वाचक खाली सरकू लागले की पान अडखळे, गोठल्यासारखे होई. रेसिग याने कारण उलगडून लिहिले. सरकताना वर्दी एका सेकंदात अनेकदा येते आणि प्रत्येक वर्दीला ट्विटरचे पान स्वतःतील एक घटक नव्याने शोधत बसे. जेक्वेरीची नवी आवृत्ती घेतल्यावर तो शोध आणखी महाग झाला होता. ट्विटरने तूर्त जुनी आवृत्ती परत आणली.

११/ रेसिगचा सल्ला मात्र मुळावर बोट ठेवणारा होता : वर्दी आली की फक्त नोंद करा, काम २५० मिलिसेकंदांनी एकदा करा. घंटा वाजेल तितक्या वेळा जिना उतरू नये; ठरावीक वेळाने खाली जाऊन पत्रपेटी पाहावी. त्याच वर्षी फायरफॉक्स ४ मध्ये वेगळी सोयही आली. पुढचे चित्र रंगवण्याआधी ब्राउझर पानाला हाक मारू लागला. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो. हालचालीचे काम त्या तालावर बसवता येऊ लागले.

१२/ डिसेंबर २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वॉशिंग्टन राज्यातील हिमस्खलनाची कथा 'स्नो फॉल' प्रसिद्ध केली. वाचक खाली सरके तसतशी दृश्ये जिवंत होत. पुढच्या वर्षी लेखक जॉन ब्रँच याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अनुकरणाची लाट आली आणि कित्येक पाने वाचकाच्या बोटाची चालच बळकावू लागली. बोट इंचभर हलवावे, तर पान पडदाभर उडे. या अतिक्रमणाला 'स्क्रोलजॅकिंग' असे नाव पडले.

१३/ ही केवळ गैरसोय नव्हती. कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा ज्यांची नाजूक असते, त्यांना पडद्यावरील मोठ्या हालचालीने भोवळ आणि मळमळ होते. २०१३ साली आयफोनच्या 'आयओएस ७'मधील हलत्या दृश्यांविरुद्ध अशाच तक्रारी आल्या. २०१७ पासून सफारी ब्राउझर 'या वाचकाला हालचाल कमी हवी आहे' हे पानाला सांगू लागला. सभ्य पान ते ऐकते.

१४/ खरा निर्णायक टप्पा मात्र वाचकांच्या नकळत घडला. मोबाइलवर बोट टेकले की ब्राउझरला आधी पानाला विचारावे लागे, 'सरकू देऊ का?' कारण पानाला नकार देण्याचा हक्क होता. पान दुसऱ्या कामात गुंतले असले तर उत्तर येईपर्यंत बोट ताटकळे. बहुतेक पानांना नकार द्यायचाच नसे, तरी विचारणा चुकत नसे.

१५/ २०१६ साली क्रोम ५१ मध्ये 'मी अडवणार नाही' असे वचन आधीच देण्याची सोय झाली. २०१७ साली क्रोम ५६ ने पुढचे पाऊल टाकले : पूर्ण पानावर स्पर्शाची पाळत ठेवणाऱ्यांचे वचन गृहीत धरले जाऊ लागले. नकाराच्या हक्कावर उभी असलेली काही पाने यामुळे बिघडली, टीकाही झाली. निर्णय कायम राहिला. बोटाला आता परवानगी मागावी लागत नव्हती.

१६/ पाळतही सौम्य झाली. क्रोम ५१ मध्येच आलेल्या 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर'मुळे पानाला सारखे मोजमाप करावे लागत नाही. एखादा घटक नजरेच्या टप्प्यात आला की ब्राउझरच कळवतो. अलगद सरकण्यासाठी सीएसएसची एकच ओळ पुरू लागली : फायरफॉक्समध्ये २०१५, क्रोममध्ये २०१७ आणि सफारीत २०२२ पासून. २०२३ साली क्रोम ११५ ने सरकण्याशी बांधलेले सचेतनही सीएसएसच्या हाती दिले.

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एका साधनाची पारख मात्र करावी. २०१३ साली फरहाद मंजू याने 'स्लेट'मध्ये मोजणीच्या आधारे लिहिले की पानावर आलेल्या दर १६१ जणांपैकी ६१ जण आरंभीच निघून जातात. आज गूगल ॲनालिटिक्स पानाची ९० टक्के उंची गाठली की 'स्क्रोल' अशी नोंद करते. ही नोंद कशाचा पुरावा आहे? आवक वहीत पत्र पोहोचल्याची नोंद असते. ते कोणी मन लावून वाचले का, हे वही सांगत नाही. बोट तळाशी पोहोचले, एवढेच सिद्ध होते.

१८/ १९७८ च्या टर्मिनलने डोळ्यासाठी यंत्राला थांबवले. मधल्या काळात डोळा आणि बोट यंत्रासाठी ताटकळले. २०१७ च्या निर्णयाने तो क्रम पुन्हा सुलटा केला. तुमच्यापैकी जे उद्या वेबपाने बांधतील, त्यांनी हालचाल जरूर द्यावी. फक्त ती वाचकाला वाट दाखवते की त्याचा हात धरून ओढते, हे आधी तपासावे.

धागा समाप्त. येथवर खरोखर वाचत आला असाल, तर ते मोजण्याचे साधन अजून कोणाकडे नाही. म्हणून प्रतिसादातच कळवा.