बार्शी, यवत आणि बत्तीस वर्षांची शांतता

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत तापाची मोठी साथ उसळली. पाहणीत ३७.५ टक्के लोकांना तिची बाधा झाल्याचे आढळले. हा आजार होता चिकुनगुन्या. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियात तो प्रथम ओळखला गेला आणि मकोंडे भाषेतील ‘वाकून जाणे’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. भारतात त्याची पहिली साथ १९६३ मध्ये कोलकात्यात नोंदली गेली.

बार्शीनंतर जवळपास बत्तीस वर्षे मोठी साथ आली नाही. विषाणू देशातून नाहीसा झाला, असा समज रूढ झाला. मात्र २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या संशोधकांना हाच विषाणू सापडला. पाच वर्षांनी आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रात साथ भडकली; २००६ मध्ये देशातील संशयित रुग्णांची संख्या सुमारे १३.९ लाखांवर गेली.

पुढे जनुकीय तपासणीतून उलगडा झाला. १९६३ व १९७३ चे विषाणू आशियाई प्रकारचे होते, तर २००५-०६ चा विषाणू आफ्रिकी प्रकारचा. यवतचा नमुनाही याच आफ्रिकी प्रकारात मोडत होता. म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधीच नवा पाहुणा दाराशी येऊन ठेपला होता. रुग्ण दिसत नाहीत म्हणून विषाणूही नाही, हा निष्कर्ष किती घातक ठरू शकतो, हे त्या डासांनी दाखवून दिले.

एकाएकी चढणारा ताप, पुरळ आणि हातापायांच्या लहान सांध्यांतील तीव्र वेदना ही या आजाराची ठळक लक्षणे. मृत्यू विरळाच, पण सांधेदुखी कित्येकदा महिनोन्‌महिने रेंगाळते आणि हातावर पोट असणाऱ्याचा रोजगार बुडवते. विषाणूवर नेमके औषध नाही. विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि पॅरासिटामॉल हाच उपचाराचा पाया. आरंभी डेंग्यूची शक्यता निकालात निघेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावी लागतात, कारण डेंग्यूत त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्यामुळे रांजण-टाक्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करणे, हा साधा उपाय आजही तितकाच मोलाचा आहे. साथ ओसरल्यावर मात्र तोच सर्वांत आधी विसरला जातो.