बाटली क्रमांक ५३-एन

नाकाचं किंवा तोंडातलं ऑपरेशन करताना रक्त पोटात वा श्वासनलिकेत उतरू नये, म्हणून काही वेळा रुग्णाच्या घशात गॉजची पट्टी बसवतात. ऑपरेशन संपलं की ती काढायची. पण ती चुकून राहिली, तर भुलेतून बाहेर येणाऱ्या रुग्णाचा श्वास अडतो. म्हणून पट्टी आत घातली की फळ्यावर लिहायचं आणि काढली की मोठ्यानं सांगायचं, अशी शिस्त पाळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये दिलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीतही रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी हत्यारं, गॉज आणि सुया मोजल्याचं तोंडी सांगायचं असतं.

एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांना हे सांगावं लागतं? लागतं. परळची एक जुनी हकिगत ऐका.

केईएम रुग्णालयाजवळ, जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. प्लेगची लस त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वातानं दगावले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. परळहून आलेली ती बाटली, क्रमांक ५३-एन. नोंद ठेवलेली होती म्हणून निदान एवढं तरी कळलं.

चौकशी आयोगानं ठपका परळवर ठेवला. हाफकिन यांनी लस करताना कार्बोलिक अॅसिड वगळून उष्णतेवर भर दिला होता, तेही त्यांच्या अंगाशी आलं. त्यांचं पद गेलं.

साक्षींत मात्र वेगळंच काही होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला होता, तेव्हा दुर्गंधी नव्हती. लस भरून ४१ दिवस झाले होते. जंतू तेव्हापासून आत असते, तर घाण वास सुटायलाच हवा होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली.

त्या मदतनिसाला आज गुन्हेगार ठरवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. हातातली वस्तू निसटते, सर्जनच्याही निसटते. चिमटा पडलेला पाहणाऱ्या कुणाला तिथं ‘थांबा’ म्हणता येत होतं का, हे विचारायला हवं होतं. आयोगाला मात्र दोषी माणूस हवा होता.

१९०७ च्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परतले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.