बदल्यात कोण?

खेळाडूंची कागदावरची अदलाबदल हा आमच्या वऱ्हाडातला बिनभांडवली धंदा आहे. अकोल्याच्या टॉवर चौकात बसा की अमरावतीच्या राजकमल चौकात, कोणीतरी कोणाला तरी विकत असतो, दुसरा त्याला भावात पाडत असतो आणि तिसरा "अबे, पण पैसे कुठून आणशीन?" असं विचारून दोघांची मजा घालवतो. हा तिसरा माणूस बहुधा मीच असतो. एकाधिकार कापूस खरेदी योजनेत ग्रेडर म्हणून माझी सारी नोकरी झाली. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची, धागा किती निघतो ते पाहायचं, कवडी किती, ओल किती, आणि मग प्रत सांगायची. शेतकरी समोर उभा, त्याला आपला कापूस सोन्याचा वाटतो. खेळाडूंच्या लिलावात मालकांचं वेगळं काही होत नाही. फरक इतकाच की तिथे ग्रेडर नसतो.

ही चर्चा आयपीएलनं आणली असं तरुण पोरं समजतात. खेळाडू पळवण्याचा, राखण्याचा, मागण्याचा आमचा इतिहास त्याहून बराच जुना आहे आणि त्यात आपण बहुतेक वेळा देणारेच राहिलो. सी. के. नायडू जन्मानं, शिक्षणानं नागपूरचे, हिस्लॉप कॉलेजचे. १९२३ मध्ये होळकर सरकारनं त्यांना इंदूरला बोलावलं आणि फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पगार फौजेचा आणि काम बॅटिंगचं. पुढे १९३२ साली ते हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार झाले आणि लोकांच्या तोंडी त्यांचं नाव इंदूरशी जोडलं गेलं ते कायमचं. त्यांच्या हाताखाली होळकर संघानं रणजी करंडक चार वेळा नेला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावाचा संघही त्या काळात रणजीत उतरत असे. त्याच्या वाट्याला काय आलं हे विचारू नये.

त्या काळी खर्चाला मर्यादा नव्हती. ज्याची तिजोरी मोठी त्याचा संघ मोठा, म्हणून वाद घालायलाही काही नव्हतं. तिजोरीनं सगळंच मिळत होतं असं मात्र नाही. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. युद्धामुळे तो हिंदुस्थानात होता. मुंबईनं ८६७ धावांचं आव्हान ठेवलं, कॉम्प्टननं नाबाद २४९ केल्या, आणि तरी होळकर ३७४ धावांनी हरले. उसना आणलेला एक माणूस कितीही भारी असला तरी बाकीचे दहा आपल्यालाच उभे करावे लागतात, हे आमच्या टपरीवर रोज नव्यानं शोधलं जातं.

अमरावतीत तर खेळाडूची किंमत पैशात बोलणं हेच वाईट समजलं जाई. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं तिथे वजन होतं. मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकला देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली, कबड्डीसुद्धा. अशा गावात "हा रेडर किती रुपयांचा?" असं विचारलं असतं तर म्हाताऱ्यांनी शंभर बैठका मारायला लावल्या असत्या. माझ्या तरुणपणी किंमत ठरे ती नोकरीत. रेल्वे, बँक, पोलीस, वीज मंडळ. चांगला कबड्डीपटू पुढच्या वर्षी दुसऱ्या जर्सीत दिसला की समजायचं, पोराला कुठेतरी चिकटवलं. आई-बाप खूश, जुना संघ उघडा. बदल्यात काही द्यावं अशी पद्धतच नव्हती.

मग २० फेब्रुवारी २००८ उजाडला. मुंबईत पहिला लिलाव झाला आणि आमच्यासारख्या हिशेबी माणसांना पहिल्यांदा धंदा मिळाला, कारण प्रत्येक संघाच्या पिशवीला तळ होता. ५० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास २० कोटी. पाच संघांना घरचा एकेक 'आयकॉन' दिला होता: मुंबईला सचिन, कोलकात्याला गांगुली, बंगळूरला द्रविड, मोहालीला युवराज, दिल्लीला सेहवाग. अट अशी की संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा आयकॉनला १५ टक्के जास्त द्यायचे. बहुतेकांनी ही अट वाचली आणि सोडून दिली. खरी गोम तिथेच होती.

धोनी चेन्नईला १५ लाख डॉलरना गेला. "मुंबईनं काऊन नाही घेतला?" हा प्रश्न अकोल्यात वर्षभर पुरला. मी पेन काढून दाखवायचो. धोनी १५ लाखांना घेतला की सचिनला आपोआप सव्वासतरा लाख. दोघांचे मिळून सव्वाबत्तीस लाख. उरले पावणेअठरा लाख, आणि त्यात अख्खा संघ उभा करायचा. चेन्नईकडे आयकॉनच नव्हता, त्यांना धोनी धोनीच्याच भावात पडला. मुंबईला तोच धोनी दुप्पट महाग. लक्ष्मणला हे आधीच उमगलं होतं असं म्हणायला हरकत नाही. त्यानं हैदराबादचं आयकॉनपण स्वतःहून सोडलं, कशासाठी, तर लिलावात संघाच्या हाताशी पैसे राहावेत म्हणून. मोठ्या खेळाडूनं केलेला इतका शहाणा हिशेब मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी अदलाबदल सुरू झाली. झहीर खान मुंबईला, रॉबिन उथप्पा बंगळूरला. शिखर धवन मुंबईला, आशिष नेहरा दिल्लीला. आमच्याकडे याला 'बदली' म्हणत, तलाठ्याची होते तशी. २०१० साली रवींद्र जडेजावर एक वर्षाची बंदी आली, कारण राजस्थानशी करार असताना तो दुसऱ्या संघांशी परस्पर बोलणी करत होता. परस्पर सौदा करणाऱ्याचं काय होतं हे बाजार समितीच्या आवारात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

याच सुमारास लिलावाची साथ गल्लीबोळात पसरली. टेनिस बॉलच्या स्पर्धा, प्रत्येक संघमालकाला ठरावीक पॉइंट, नावांच्या चिठ्ठ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, माइकवर ओरडणारा एक पोरगा. आमच्या भागातल्या अशा लिलावात हिशेबाची वही माझ्याकडे असते. एकदा एका मालकानं डावखुऱ्या फास्ट बॉलरवर निम्म्याहून जास्त पॉइंट ओतले. हॉलभर शिट्ट्या वाजल्या. मी हळूच म्हटलं, "भाऊ, अजून अकरा जण घ्याचे हायेत." तो म्हणाला, "पाहू नं बाप्पा!" शेवटी त्याला प्रत्येक जागेला फक्त मूळ किमतीचे पॉइंट उरले. कोणी न घेतलेली नावं एकामागून एक त्याच्या यादीत आली, त्यात माइकवर ओरडणारा पोरगाही होता. बॉलर खरंच चांगला होता. त्याच्या बॉलवर उडालेले कॅच घ्यायला कोणी नव्हतं, एवढंच.

माझा भाचा अमरावतीला असतो आणि त्याचा जीव बास्केटबॉलात. भल्या पहाटे उठून अमेरिकेतल्या एनबीएचे सामने पाहतो. त्याच्या मते आयपीएलची पगारमर्यादा म्हणजे बालवाडी. त्याचं एकदम चूक नाही. एनबीएनं सध्याच्या पद्धतीची मर्यादा १९८४-८५ च्या मोसमात आणली, संघामागे ३६ लाख डॉलर. ती लवचीक ठेवली. आपला जुना खेळाडू राखायचा असेल तर मर्यादा ओलांडायची मुभा, आणि त्या सवलतीला नावच पडलं बॉस्टनच्या लॅरी बर्डचं. मर्यादेच्या वर गेलेल्या संघानं अदलाबदल करायची तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पगार एकमेकांशी जुळवावे लागतात. म्हणून तिथे एका ताऱ्याच्या बदल्यात एक तारा, दोन मध्यम आणि एक जवळपास निवृत्त माणूस असा गुंता होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसनं लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसला देऊन अँथनी डेव्हिस घेतला, तेव्हा भाच्यानं मला सकाळी सकाळी फोन केला. घरात काही विपरीत घडलं असंच मला वाटलं.

"मामा, वीस वर्षांतला सगळ्यात येडा सौदा!"

"तुह्या बापानं केला का? मंग रडतं कायले?"

माझा जीव जितेश शर्मात. पोरगा अमरावतीचा. २०१६ ला मुंबईनं १० लाखांना घेतला आणि एकही सामना न खेळवता बसवला. २०२२ ला पंजाबनं २० लाखांना घेतला, तेव्हा कुठे तो लोकांना दिसला. त्याच वर्षी, त्याच भावात, त्याच पंजाबनं अकोल्याचा अथर्व तायडेही घेतला. दोन्ही गावांची मिळून किंमत ४० लाख. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात जितेशचं नाव आलं. बंगळूरची बोली ७ कोटींवर थांबली. पंजाबकडे 'राइट टू मॅच' होतं, म्हणजे शेवटच्या बोलीच्या भावात आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क. ते त्यांनी वापरलं. पण नव्या नियमानं बोली लावणाऱ्याला एकदा भाव वाढवायची संधी होती. बंगळूरनं थेट ११ कोटी म्हटलं आणि पंजाबनं हात वर केले.

इथे भाचा आणि मी आजवर एका मताचे झालो नाही. तो म्हणतो, पंजाब भेकड. मी म्हणतो, ग्रेडरसारखं पाहा. श्रेयस अय्यर, अर्शदीप आणि चहल या तिघांवरच त्यांचे ६२ कोटी ७५ लाख गेले होते, आणि यष्टिरक्षक म्हणून प्रभसिमरन आधीच ४ कोटींत राखलेला. ११ कोटी देणं परवडणारं नव्हतं. मग भाचा ३ जून २०२५ काढतो. अहमदाबादला अंतिम सामना, बंगळूर विरुद्ध पंजाब. जितेशनं १० चेंडूंत २४ केल्या. पंजाब ६ धावांनी हरला. "आता सांगा, मामा, परवडलं का?" यावर मी चहा मागवतो.

वऱ्हाड ज्यात येतं त्या विदर्भानं स्वतः खरेदी केली तेव्हाची गोष्ट मात्र मला जास्त भावते. विदर्भ १९५७-५८ पासून रणजीत खेळतो, आणि साठ वर्षं त्याच्या हाती काही लागलं नाही. बाहेरचे व्यावसायिक खेळाडू घ्यायची सोय होती. तीत मुंबईचा वसीम जाफर आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. २०१६-१७ चा मोसम जाफरचा दुखापतीत गेला. पैसे घेऊन खेळता आलं नाही याची बोच होती म्हणून २०१७-१८ ला तो मानधन न घेता खेळला. पगारमर्यादेचे सगळे शास्त्री एकीकडे आणि हा माणूस एकीकडे. शून्य रुपयांत कसलेला सलामीवीर! दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं १३३ केल्या, आणि १ जानेवारी २०१८ ला विजयी फटका जाफरच्याच बॅटमधून निघाला. मैदान कोणतं, तर इंदूरचं होळकर स्टेडियम. नायडूंना नेलं होतं त्याच गावात.

पण देणं काही थांबलं नाही. २०२४-२५ ला विदर्भाकडे कर्नाटकचा करुण नायर होता आणि आपला डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे केरळला गेला होता. अंतिम सामन्यात हे दोघं समोरासमोर आले. सरवटेनं आपल्याच लोकांविरुद्ध ७९ धावा केल्या, करुणनं दुसऱ्या डावात १३५. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक नागपुरात राहिला. अकोल्यात मात्र लोक करंडक सोडून "करुण घेतला, सरवटे दिला, तर कोण फायद्यात?" यावर भांडत होते. खरं म्हणजे ही अदलाबदल झालीच नव्हती. दोघं आपापल्या मर्जीनं गेले होते. पुढच्या मोसमात करुण कर्नाटकात परतला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थाननं संजू सॅमसन चेन्नईला दिला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन घेतले. सॅमसन १८ कोटींचा, करन २ कोटी ४० लाखांचा, आणि जडेजा १८ चा १४ कोटींवर आला. १४ अधिक २.४० म्हणजे १६.४०. १८ कोटींच्या जागेत दोघं बसले. भाचा या वेळी पहिल्यांदा म्हणाला, "आता आयपीएल मोठी झाली." जडेजानं ४ कोटी सोडले यावर त्याला एक शब्द बोलावासा वाटला नाही. त्याच जडेजाला एकेकाळी स्वतःचा भाव स्वतः ठरवायला गेला म्हणून घरी बसवलं होतं.

आणि त्याच मोसमात जितेश विदर्भ सोडून बडोद्याला गेला. इथे ना पिशवी, ना पगार जुळवणं, ना 'राइट टू मॅच'. 'ना हरकत' प्रमाणपत्र घ्यायचं आणि निघायचं. ज्या जिल्ह्यानं, ज्या संघटनेनं घडवला त्यांच्या हाती एक कागद. माझं म्हणणं असं की इथेही बदल्यात कोणीतरी मिळालं पाहिजे. भाच्याला हे मान्य आहे, त्यामुळे आमची बैठक आता थेट मुद्द्यावर आली आहे. तो बडोद्याकडून क्रुणाल पांड्या मागतो.

"अबे, तो पस्तिशीला आला. मले अतीत शेठ पायजे. फास्ट टाकतो, खाली येऊन बॅटिंगही करतो."

"मामा, बडोदा देईन का शेठले?"

"तू माग तं!"