लादोगा : उथळ पाण्याची गोष्ट

भूगोल माणसाचं नशीब ठरवतो का, हा प्रश्न जुना आहे. हेगेलने इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यानं दिली, त्यांत भूगोलाला स्वतंत्र जागा दिली. पण निसर्गाला फार मोठं करू नका आणि कमीही लेखू नका, असंही बजावलं. आज मी हा प्रश्न एका सरोवरापाशी नेणार आहे. ते म्हणजे रशियाच्या वायव्येचं लादोगा, युरोपातलं सर्वात मोठं सरोवर.

उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 220 किलोमीटर, क्षेत्रफळ साडेसतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे सरोवर दोन स्वभावांचं आहे. उत्तरेला हिमनदीने खरवडलेला कठीण खडक, शेकडो बेटं, आणि 230 मीटरपर्यंत खोल पाणी. दक्षिणेला सपाट, दलदलीचा किनारा, आणि पाणी काही मीटरच. नैर्ऋत्य कोपऱ्यातून नेवा नदी निघते आणि अवघ्या 74 किलोमीटरवर फिनलंडच्या आखाताला मिळते. ही नदी वयाने फार लहान. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर उत्तरेकडची जमीन जास्त वेगाने वर आली, सरोवर दक्षिणेकडे कललं, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पाण्याने इथून नवी वाट काढली. ताटातलं पाणी ताट कललं की एका बाजूला जातं ना, तसंच!

या वाटेवर ज्याचा ताबा, त्याचा बाल्टिकचा व्यापार. म्हणून नेवाच्या उगमावरच्या बेटावर नोव्हगोरोदवाल्यांनी 1323 मध्ये किल्ला बांधला. पुढे तो स्वीडनकडे गेला. पीटर द ग्रेटने तो 1702 मध्ये जिंकला आणि त्याचं नाव ठेवलं श्लिसेलबुर्ग, म्हणजे 'किल्लीचं शहर'. पुढच्याच वर्षी नेवाच्या मुखाशी सेंट पीटर्सबर्ग उभं राहू लागलं.

पण या शहराला धान्य आणि लाकूड यायचं ते आतल्या प्रदेशातून, वोल्खोव नदीने, लादोगाच्या दक्षिण कडेने. तिथे उथळ पाणी आडवं आलं. वादळात उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. सपाट तळाच्या नावा त्यात टिकत नसत. शेवटी 1719 मध्ये किनाऱ्याला समांतर कालवा खणायला घेतला. तो पुरा झाला 1731 मध्ये, पीटर गेल्यावर सहा वर्षांनी. सरोवर एवढं जवळ, आणि त्याला टाळण्यासाठी शंभराहून जास्त किलोमीटरचा कालवा!

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. 8 सप्टेंबर 1941. जर्मन फौजांनी श्लिसेलबुर्ग घेतलं आणि लेनिनग्राडचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता तुटला. उत्तरेला फिनिश सैन्य. उरलं ते लादोगाचं पाणी. नोव्हेंबरात कामगार नसलेल्या माणसाला दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्या पावातही भेसळ.

इथे तेच उथळ पाणी कामी आलं. खोल पाणी उशिरा गोठतं, उथळ लवकर. 22 नोव्हेंबरला धान्य आणायला पहिले ट्रक बर्फावरून निघाले, साधारण तीस किलोमीटरच्या वाटेवर. बुडालो तर उडी मारता यावी म्हणून चालक दार उघडं ठेवून गाडी हाकत. बर्फ पुरेसा जाड असतानाही काही ठिकाणी तो फुटायचा. शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं, तेव्हा कारण कळलं. गाडीच्या वजनाने बर्फाखाली लाट उठते. तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. गाडी ताशी 35 किलोमीटरच्या आसपास गेली की तिचा आणि लाटेचा वेग जुळतो आणि बर्फ दुभंगतो. मग वेगाचे आणि अंतराचे नियम ठरले. त्या हिवाळ्यात साडेतीन लाख टनांच्या वर माल आत आला, पाच लाखांवर माणसं बाहेर निघाली.

म्हणजे सरोवराने शहर वाचवलं का? असं म्हणायला मन धजत नाही. वाट सुरू असतानाच, त्याच हिवाळ्यात, लाखो माणसं भुकेने मेली. वेढा पूर्ण उठायला 27 जानेवारी 1944 उजाडलं. आणि तो वेढा काही भूगोलाने घातला नव्हता. शहर उपाशी मारायचं, हे माणसांनी ठरवलं होतं.

उथळ पाणी तेच होतं. त्याने पीटरच्या नावा बुडवल्या, त्यानेच ट्रक पेलले. भूगोल समोर काय आहे ते ठेवतो. त्याचं काय करायचं, हे माणूस ठरवतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच. 'परिस्थितीच तशी होती' असं कुणी म्हणालं, की मला दार उघडं ठेवून गाडी हाकणारे ते चालक आठवतात. परिस्थिती त्यांच्याही खाली होती, आणि ती तडकत होती.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया.