इंग्रजीतील तरतमभाव

एखादा गुण कमी आहे की जास्त, हे दाखवण्यासाठी इंग्रजी विशेषणाचे रूप बदलते, त्यास तरतमभाव म्हणतात. शाळेत याला ‘डिग्री’ म्हणतात. डिग्र्या तीन : पॉझिटिव्ह, कम्पॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह, उदा., टॉल, टॉलर, टॉलेस्ट. तुलना दोन बाजूंत असेल तर तरभाव आणि समूहातून एकच वेगळा काढायचा असेल तर तमभाव योजतात. तमभावापूर्वी बहुधा ‘द’ येते.

रूपे करण्याच्या रीती दोन आहेत. बिग, फास्ट, ओल्ड अशा आखूड विशेषणांना ‘-अर’ आणि ‘-एस्ट’ हे प्रत्यय लागतात, तर ब्यूटिफुल, डिफिकल्ट अशा लांबलचक विशेषणांपूर्वी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ हे स्वतंत्र शब्द येतात. मधल्या लांबीच्या विशेषणांत मात्र एकवाक्यता नाही. हॅपीचे हॅपिअर होते, पण ‘कॉमनर’ आणि ‘मोअर कॉमन’ दोन्ही चालतात. ‘फन’ इतके आखूड असूनही रूढ रूप ‘मोअर फन’ असेच आहे, आणि अनहॅपी लांब असूनही अनहॅपिअर बिनदिक्कत होते. लांबीचा नियम पाठ करण्याजोगा आहे, विसंबण्याजोगा नाही.

या दुहेरीपणाचे कारण इतिहासात आहे. प्रत्ययांची रीत इंग्रजीला जर्मानिक पूर्वजांकडून मिळाली आणि तिचे मूळ त्याहूनही मागे, इंडो-युरोपीय भाषेत आहे. ‘-एस्ट’ आणि श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला संस्कृत ‘-इष्ठ’ हे एकाच प्रत्ययाचे वंशज आहेत. ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ तर धातूपासून प्रत्ययापर्यंत सगोत्र आहेत. ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ची रीत मध्ययुगीन इंग्रजीत वाढीस लागली, फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेल्या लांब शब्दांना ती सोयीची पडली. पुढे बराच काळ दोन्ही रीती एकाच विशेषणावर एकदम चालत. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ नाटकात अँटनीच्या भाषणात ‘मोस्ट’ही आहे आणि पुढच्या विशेषणाला ‘-एस्ट’ही आहे. अठराव्या शतकातील व्याकरणकारांना हे खपले नाही. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात अशा दुहेरी रूपांना अशुद्ध ठरवले. त्याआधी १७५५ च्या कोशात सॅम्युअल जॉन्सन यांनी ‘लेसर’ला अडाणी अपभ्रंश म्हटले होते, कारण ‘लेस’ मुळातच तरभावी. ‘लेसर’ तरीही टिकला. ‘निअर’ हाही मुळात ‘नाय’ या जुन्या शब्दाचा तरभाव आणि ‘नेक्स्ट’ हा तमभाव. ते विसरल्यावर ‘निअरर’ तयार झाला आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही. मराठीभाषकांनी यावर हसण्याचे कारण नाही : ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ ही रूपे याच जातीची आहेत.

काही विशेषणांची रूपे वेगवेगळ्या धातूंतून गोळा झाली आहेत. गुड, बेटर, बेस्ट यांत पहिल्याचा पुढच्या दोघांशी संबंध नाही. बॅड, वर्स, वर्स्ट तसेच. ‘ओल्ड’ची ‘एल्डर’ आणि ‘एल्डेस्ट’ ही जुनी रूपे आता मुख्यतः घरातल्या थोरल्या-धाकट्यापुरती उरली आहेत आणि ‘एल्डर’नंतर ‘दॅन’ येत नाही. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर ही लॅटिनमधील तयार तरभावी रूपे. त्यांच्या पुढे ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येते.

मराठी विद्यार्थ्याची अडचण इथे निराळीच असते. ‘सीता गीतापेक्षा उंच आहे’ या वाक्यात तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो आणि ‘उंच’ला हातही लागत नाही. इंग्रजीत ‘दॅन’ असूनही विशेषणाला बदलावेच लागते. म्हणून ‘टॉल दॅन’ अशी चूक होते. तिच्या धास्तीने, ‘जास्त चांगला’च्या वळणावर, ‘मोअर बेटर’ लिहिले जाते. ‘सर्वांत’मुळे तमभावाचेही असेच होते. राज्यातील शाळांत डिग्री बदलण्याचा सराव खूप घेतला जातो. ‘नो अदर’ आणि ‘व्हेरी फ्यू’ने सुरू होणारी वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाली आहेत. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणानेही ती घरोघर पोचवली. (यांतले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ या साहसकादंबरीचे लेखक.) मात्र या सरावात वाक्य फिरवण्याचे कसब येते, पण विशेषणाला प्रत्यय लावण्याची सवय त्यामानाने कमी लागते.

पूर्णतावाचक विशेषणांची तुलना करू नये, असा एक दंडक सांगितला जातो : ‘परफेक्ट’ ते परफेक्टच, त्याहून अधिक काय असणार? पण १७८७ मध्ये तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘परफेक्ट’मागे ‘मोअर’ आहे. काही तरभावी रूपांत तर तुलनाच उरलेली नाही. ‘हायर एज्युकेशन’ किंवा ‘सीनिअर सिटिझन’ म्हणताना कशाहून हायर, कोणाहून सीनिअर, हे कोणी विचारत नाही.

‘द सूनर, द बेटर’ या रचनेतला ‘द’ म्हणजे नेहमीचे उपपद नव्हे. जुन्या इंग्रजीतील दर्शक सर्वनामाचे ते तृतीयेसारखे रूप आहे, अर्थ ‘तितक्याने’. मराठीत तिथे ‘जितके लवकर, तितके बरे’ असे सहज म्हणता येते.