आकडा स्वतः उजळतो की उजेड उसना घेतो?

वाचकहो, संगमनेरच्या बाजारात भर दुपारी इलेक्ट्रॉनिक काट्यासमोर उभे राहून पाहा. उन्हात लाल आकडे फिके पडतात आणि वजन वाचण्यासाठी हाताचा आडोसा धरावा लागतो. मालाचे पैसे त्याच आकड्यावर ठरत असल्याने ही बाब क्षुल्लक नव्हे. विजेच्या मीटरचे उलट असते. त्याचे काळे आकडे उजेडात स्वच्छ दिसतात, मात्र जिन्याखालच्या अंधारात बहुधा बॅटरी मारावी लागते.

स्वयंप्रकाशी वस्तू आणि दुसऱ्याच्या उजेडाने दिसणारी वस्तू हा भेद बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात मांडला होता. आपले काटे आणि घड्याळे त्याच भेदावर चालतात.

आरंभी पडदे स्वयंप्रकाशीच होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता. त्यावर आलेख आणि अक्षरे उमटत. 1962 मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल प्रकाश देणारा डायोड बनवला. त्यातूनच 1972 साली ‘पल्सार’ घड्याळ आले. सोन्याच्या घड्याळाची किंमत 2,100 डॉलर, आणि वेळ पाहायला दर वेळी बटण दाबायचे! आकडे सतत पेटते ठेवले असते तर बॅटरी टिकलीच नसती.

पुढच्याच वर्षी जपानच्या सेइको कंपनीने द्रवस्फटिकाचे सहा आकडी घड्याळ काढले. द्रवस्फटिक प्रकाश निर्माण करीत नाही. दोन काचांमधले त्याचे रेणू पिळलेले असतात. ते प्रकाशाला वळवून पुढे जाऊ देतात आणि मागच्या आरशावरून तो परततो. वीज दिली की पीळ सुटतो, प्रकाश अडतो व तेवढा भाग काळा दिसतो. वीज इतकी थोडी लागते की आकडे अखंड दिसू शकतात.

येथे एक घोटाळा टाळावा. मोबाइल किंवा दूरदर्शन संचात द्रवस्फटिक असले, तरी मागे दिवा असतो. म्हणून तो पडदाही उन्हात फिका पडतो. खरा कागदासारखा पडदा 2004 साली सोनीच्या वाचनयंत्रात आला. त्यात पांढरे व काळे सूक्ष्म कण विजेने वरखाली होतात आणि पान एकदा उमटले की वीज न घेता तसेच राहते.

पालकहो, मुलासाठी वाचनाचे साधन घ्याल तेव्हा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून भागवू नका; दाराबाहेर उन्हात नेऊन पाहा, मग रात्री दिव्याची सोय त्यात आहे का तेही विचारा.